मधे चार थाऊ

१९ जानेवारी २००४, सोमवार. शेड उघडून पहिलं काम हातात घेतलं ते फॉर्म भरण्याचं. फॉर्म गिऱ्हाइकाचा होता. त्यात तीन रकाने: काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करणार. पहिला आणि तिसरा मी भरला होता. मधला पाच दिवस कोरा होता.

काय चुकलं ते उघड होतं. एका कारखान्याच्या लेथचा आठ फुटी बेड आम्ही सरळ करून दिला आणि तो मधे खोल निघाला. ज्यांनी तो केला ते आमचे मिस्त्री ‘हात गेला’ म्हणून घरी, नांदगावला, जाऊन बसले होते. मधल्या रकान्यात मी काय लिहिते यावर ते परत येणार की तिथेच बसून म्हातारे होणार, हे ठरायचं होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

आमचा धंदा दोन वाक्यांत सांगता येतो. लेथ पंधरा-वीस वर्षं चालला की त्याचा बेड, म्हणजे ज्या लांब बिडाच्या पाठीवर सगळं सरकतं ती पाठ, झिजते. ती आम्ही प्लेनरवर चढवून वरची साल काढतो आणि पुन्हा सरळ करतो. प्लेनर म्हणजे लोखंडाचा रंधा, फक्त सुताराच्या उलट. इथे पातं जागेवर असतं आणि खालचं टेबल कापायचा जॉब घेऊन पुढेमागे जातं.

आमचा प्लेनर १९९१ साली एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात घेतलेला. घेतला मी. नवरा सरकारी नोकरीत. त्याचा लोखंडाशी संबंध तव्यापुरता, तोही जेवताना. प्लेनरचा ट्रक अंबडच्या प्लॉटवर थांबला तेव्हा मागोमाग सायकलवरून एक पन्नाशीचा माणूस उतरला. सातपूरपासून ट्रकच्या मागे आला होता. घामाने निथळत होता. मला वाटलं, ट्रकने कुणाला तरी उडवलं.

“मालक कुठं हाय?”

“मीच.”

त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये डोकावून खात्री करून घेतली. तिथे ड्रायव्हर होता.

“बरं,” ते म्हणाले, “टेबल उलटं चढवलंय. याची धार गेली आसती वाटंत. उतरवताना कुणी हात लावू नका, मी सांगतो तसं करा.”

आम्ही सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री कामाला येऊ लागले. मी त्यांना ठेवलं नव्हतं. आधी ज्यांच्याकडे नोकरीला होते त्यांना त्यांनी सांगितलं होतं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

मिस्त्री कामावर बोलत ते फक्त परतीच्या फेरीत. टेबल जाताना कापतं, हळूहळू, वीस-पंचवीस सेकंद. येताना रिकामं येतं, दहा सेकंदांत. कापत असताना मिस्त्री पात्याचा आवाज ऐकत. तेव्हा शेडला आग लागली असती तरी त्यांनी टेबल परतल्यावर सांगितलं असतं. त्यामुळे त्यांच्याशी कुठलंही बोलणं हप्त्याहप्त्याने व्हायचं. मला त्याची सवय झाली. दुसऱ्यांना होत नसे.

एकदा पुण्याहून ग्राइंडिंग मशीन विकणारा एकजण आला. टाय लावलेला, चुणचुणीत. प्लेनरकडे पाहून म्हणाला, “काका, हे मशीन म्युझियममध्ये ठेवायला हवं!”

टेबल कापत होतं. मिस्त्रींचा कान पात्याकडे. टेबल परत निघालं.

“तुमच्याची किंमत?”

त्याने सांगितली. टेबल पुन्हा कापायला लागलं होतं. परतलं.

“एवढ्यात आमच्या नदीवर...” टेबल गेलं. तो बिचारा पंचवीस सेकंद नदीवर थांबला. “...पूल झाला आस्ता.”

“पण काका, आमची अॅक्युरसी बघा ना तुम्ही. दोन मायक्रॉन!”

फेरी गेली, फेरी आली.

“तुमचा बाप...”

टेबल कापत राहिलं. विक्रेत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत पाहिलं.

“...कुठं कामाला हाय?”

“तलाठी होते,” तो कसाबसा म्हणाला.

“मंग बरोबर,” मिस्त्री म्हणाले, आणि त्या दिवशी पुढच्या कुठल्याच फेरीत बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट कागदाची. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात कापलेल्या कागदाच्या पट्ट्या. बेड टेबलावर चढवला की त्याच्या पोटाखाली ते त्या घालत, मग टोकं आवळत. कुठला कागद किती जाड हे बोटांना पाठ. सगळं थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटर देशात येऊन जमाना झाला होता, मिस्त्रींपर्यंत पोचला नव्हता. पतंगाचा कागद एक थाऊ. नामपूरच्या कांदा बाजारातल्या पावतीचा दोन. वर्तमानपत्र तीन, “पण रविवारची पुरवणी भरवशाची नाय.” संक्रांत झाली की ते अंबडच्या विजेच्या तारांखालून फाटके पतंग गोळा करत हिंडायचे. बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

लग्नपत्रिका ते वाचत नसत, चोळत. माझ्या नणंदेच्या मुलीची पत्रिका मी कौतुकाने हातात दिली. त्यांनी कोपरा अंगठा आणि बोटात धरला. “चौदा थाऊ. घर बरं दिसतंय.” घर बरं निघालं नाही. पत्रिका चौदाच होती, मी मायक्रोमीटर लावून पाहिली.

आणि झोप. पहिला जाड कट मारून झाला की सगळे नट सैल करून बेड रात्रभर टेबलावर तसाच ठेवायचा, शेवटचा पातळ कट दुसऱ्या दिवशी. बिडाची साल काढली की ते आतून हलतं, हे खरं आहे, मी डिप्लोमाला शिकलेय. पण मिस्त्री ते गिऱ्हाइकाला ज्या पद्धतीने सांगत ती पॉलिटेक्निकमध्ये शिकवत नाहीत.

“बाळंतीण हाय ती. आज उठवू नका.”

“अहो लोखंड आहे ते! माझा टेम्पो बाहेर उभाय.”

“मंग न्या. वाटंत कण्हली तर मला नाय सांगायचं.”

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं. सगळी यायची. ‘मिस्त्रीचा बेड’ म्हटलं की सातपूर-अंबडमध्ये कुणी पुन्हा तपासत नसे, आणि याचा मिस्त्रींना जो माज होता तो मी बारा वर्षं पाहिला. दसऱ्याला झेंडूच्या माळा ते स्वतः घालत, पण नारळ आमच्या शेडमध्ये फोडू देत नसत. टेबलाला हादरा बसतो म्हणून शेजारच्या शेडच्या उंबऱ्यावर फोडत. शेजाऱ्याचं शेड कधी बरकतीत आलं तर त्याचं श्रेय आमच्या बारा नारळांना आहे.

त्यांचे दोषही सांगते, नाहीतर हे आरतीसारखं होईल. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत ते तंबाखू थुंकत. कुणाला काही शिकवत नसत. आणि एक अक्षर लिहून ठेवत नसत. सगळा हिशेब डोक्यात, कागद फक्त बेडखाली.

ते कागद का घालतात हे मी बारा वर्षांत त्यांना कधी नीट विचारलं नाही. बेड चांगले जात होते. चांगल्या गोष्टीचं कारण कोण विचारतं? फॉर्मही विचारत नाही.

डिसेंबरात मिस्त्री पुतणीच्या लग्नाला पंधरा दिवस नांदगावला गेले. त्याच आठवड्यात शेजारच्या शेडमध्ये नवं मशीन बसवायला लेव्हलिंगवाला आला होता. रिकामं मशीन आणि मोकळा कारागीर एकाच वेळी दिसले की मला राहवत नाही. आमच्याखाली काळी माती, पाया मधे बसलेला. हे मला ठाऊक होतं. प्लेनरच्या पायाखालच्या पाचरी त्याच्याकडून एका दिवसात उचलून घेतल्या. त्याने चार्ट दिला. मी तो फायलीला लावला आणि आपण किती हुशार आहोत असा विचार करत घरी गेले.

मिस्त्री परत आले, बुंदीचे लाडू दिले, कामाला लागले. मला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर ‘मला इचारल्याबिगर’ या विषयावर तासभर ऐकावं लागलं असतं, आणि त्यांचा तासभर म्हणजे परतीच्या फेऱ्यांनी दीड दिवस. निवांत सांगू म्हटलं. मग विसरले. यापेक्षा मोठं कारण नाही.

जानेवारीत तो आठ फुटी बेड गेला आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्याचा फोन आला: मधे खोल आहे. मिस्त्री हसले. म्हणाले, “त्यांची पट्टी वाकडी आसंल.” आणि आपली सरळ पट्टी फडक्यात गुंडाळून माझ्या व्हॅनमध्ये बसले.

कारखान्यात चकचकीत जमिनीवर आमचा बेड ठेवला होता. शेजारी गुणवत्ता विभागाचे साहेब, तिशीचे, अतिशय सभ्य. मिस्त्रींनी बेडवर पट्टी ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. मधे उजेड दिसला. मग त्यांनी खिशातून पतंगाचे कागद काढले. एक कागद पट्टीखाली सरकवला, गेला. दोन घातले, गेले. तीन. चार. पाचवा अडकला.

मिस्त्रींनी कागद एकेक करून काढले, एकावर एक ठेवले, खिशात टाकले. गेटच्या बाहेर आल्यावर म्हणाले, “हात गेला, बाई.”

परत येताना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर त्यांनी व्हॅन थांबवायला लावली. उतरून तिथल्या सगळ्यांना, फिटर, टर्नर, ज्यांच्यासमोर बारा वर्षं माज केला त्या सगळ्यांना, स्वतःच सांगितलं. “माझा बेड परत येतोय. चार थाऊ. ह्यापुढं मिस्त्रीचा बेड म्हणून कुणी घिऊ नका.” दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नांदगावची गाडी.

बेड परत आला बुधवारी, संक्रांतीला. मी ठरवलं, स्वतः पुन्हा सरळ करते. आधी प्लेनर तपासावा म्हणून फाइल उघडली. लेव्हलिंगवाल्याच्या चार्टवर दोन ओळी होत्या. आधी: मधे चार थाऊ खाली. नंतर: शून्य.

मी स्टुलावर बसले.

आमचा प्लेनरच मधे चार थाऊ बसलेला होता. टेबल मधून जाताना तेवढं बुडायचं, जॉब पात्यापासून तेवढा दूर जायचा आणि मधे कमी कापला जायचा. मिस्त्रींचे चार थाऊ कागद बेडला मधे तेवढंच वर फुगवत, म्हणजे कमी कापलेलं भरून निघे. नट सोडला की बेड सपाट. प्लेनरचा दोष आणि त्यांचे कागद एकमेकांना खाऊन टाकत होते. मी प्लेनरचा दोष काढून घेतला. कागद राहिले.

बरं, त्यांनी तपासलं नव्हतं असंही नाही. नट सोडून ते नेहमी पात्याशेजारी उंचसखल दाखवणारी डायल बसवत आणि टेबल चालवून तिचा काटा बेडवरून फिरवत. काटा मधे चार घरं, म्हणजे चार थाऊ, खाली आला की म्हणत, “सरळ.” कारण ती चार घरं प्लेनरची, बेडची नव्हेत, हे त्यांना माहीत होतं. या वेळीही काटा बरोबर चार घरं खाली आला. या वेळी ती बेडची होती. काट्याला काय, तो तेच दाखवणार.

हे कळल्यावर मी काय केलं? पाच दिवस काही केलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं, दोन बिलं पाठवली, शेडचा पत्रा गळत नव्हता तरी बघून घेतला.

सोमवारी सकाळी मी फॉर्म पुढ्यात घेतला आणि तेवढ्यात सभ्य साहेबांचा फोन.

“मॅडम, फॉर्म आज हवाय. मागचा रिपोर्ट अडलाय माझा.”

“लिहितेच आहे. मशीन सरळ केल्यामुळे जॉब वाकडा झाला.”

पलीकडे की-बोर्ड वाजला. मग, “मॅडम, ते सिस्टिममध्ये बसणार नाही. मशीन बरोबर असणं हे कारण होऊ शकत नाही.”

“पण तेच कारण आहे.”

“तुम्ही ‘ऑपरेटरची चूक’ लिहा ना. उपाय, ‘प्रशिक्षण दिले’. आजच क्लोज करतो. सगळे तेच लिहितात.”

“माणूस बासष्ट वर्षांचा आहे. प्रशिक्षण कोण देणार, मी?”

“लिहायला काय जातंय, मॅडम.”

फोन ठेवला. खरं सांगायचं तर पेन उघडलं आणि ‘ऑप’ इतकं लिहिलं. माझं नाव कुठेच येणार नव्हतं. मिस्त्रींनी तर टपरीवर आधीच कबुली दिली होती. मी फक्त तिच्यावर शिक्का मारायचा होता. सगळं इतकं सोयीचं होतं की मलाच माझा राग आला. ‘ऑप’वर रेघ मारली आणि लिहिलं: मालकाने प्लेनरची लेव्हल बदलली आणि मिस्त्रींना सांगितलं नाही. खाली सही केली. तो फॉर्म पुढे तीनदा परत आला. तीनदा मी तेच लिहिलं. शेवटी साहेबांची बदली झाली.

शेडला कुलूप लावून साडेदहाला व्हॅन काढली. नांदगावला पोचायला दीड वाजला.

मिस्त्रींची बायको दारातच भेटली. मला बसायलाही न सांगता म्हणाली, “नेता का याह्यला? चुलीपसून खाटंपतूर समद्याखाली कागद घातलेत. नऊ दिस झाले, माझा पाट सुदिक हालू देत नाय.”

मिस्त्री आत भिंतीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली. मला पाहून उठले, टोपी शोधू लागले.

“मिस्त्री, तुमचा हात गेलेला नाही,” मी उभ्या उभ्याच सांगितलं. “प्लेनर मी सरळ करून घेतला होता.”

“कवा?”

“तुम्ही लग्नाला आलात तेव्हा.”

“मधी किती उचलला?”

“चार.”

त्यांनी मनात हिशेब मांडला. बोटं मांडीवर हलत होती.

“आन बेड खोल किती निघाला?”

“तुम्हीच मोजलात की. चार.”

“पुरे चार?”

“पुरे चार.”

“पाचवा कागद अडकला हुता,” ते बायकोकडे वळून म्हणाले. “ऐकलं का? हिकडं एक थाऊ नाय, तिकडं नाय. पुरे चार! मंग हात तर लय चांगला हाय माझा.” आणि खदाखदा हसले, ठसका लागेपर्यंत. बायकोने पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“तुम्हाला कवा कळलं, बाई?”

“संक्रांतीला.”

“आज सोमवार.”

“हो.”

“पाच दिस.” भांडं त्यांनी जमिनीवर ठेवलं. “मी हितं मेल्यावानी बसलोय आन तुम्ही पाच दिस तिळगूळ वाटत हुता? लाज नाय वाटली?”

“वाटली. म्हणून तर पाच दिवस लागले.”

बायको पदराआड हसली. मिस्त्री हसले नाहीत. मी फॉर्मची प्रत काढून वाचून दाखवली, सहीसकट. त्यांनी कागद घेतला, कोपरा चोळला, परत दिला.

“ह्ये कोण वाचतंय? मी माझ्या तोंडानं टपरीवर सांगून आलोय, हात गेला म्हणून. आता तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं. तितंच. साडेनवाला, समदी आसत्यात तवा. पहिल्या गाडीनं येतो मी.”

“शेडमध्ये सगळ्यांना बोलावून सांगते की.”

“टपरीवर.”

बायकोने पिठलं-भाकरी वाढली. मिस्त्री माझ्यासमोर जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. निघताना व्हॅनपर्यंत आले आणि टायरमधली हवा कमी आहे एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी टपरीवर गेले. बारा वर्षांत तिथे कधी उभी राहिले नव्हते. आमचा चहा शेडमध्ये येतो. पंधरा-वीस जण होते. मला पाहून एकाने बिडी पाठीमागे लपवली. मिस्त्री बाकावर बसले होते, दाढी केलेली, धुतलेला शर्ट, माझ्याकडे पाठ.

मी सांगितलं. प्लेनर मी उचलून घेतला, मिस्त्रींना बोलले नाही, तो बेड माझ्यामुळे खोल गेला, आणि हे कळून मी पाच दिवस गप्प बसले.

एक वेल्डर म्हणाला, “म्हणजे मॅडम, मशीन बिघडलेलंच बरं होतं?”

“मिस्त्रींच्या हातात, हो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी त्याला कोपर मारलं. मिस्त्रींनी कपातला चहा संपवला, कप बाकावर ठेवला आणि मान न वळवता म्हणाले, “ऐकू नाय आलं.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मोठ्यानं.